ताप उतरला, पण रिपोर्टातलं नाव तसंच आहे

एका वाचक ताईंचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा गोषवारा देते.

ताईंचं माहेर सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, त्या स्वतः नोकरीसाठी पुण्यात. वडील 67 वर्षांचे. थोडी शेती, गोठ्यात चार म्हशी, पहाटेची धार अजून स्वतःच काढतात. गेल्या पावसाळ्यात त्यांना संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. गावात टायफॉइड म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, थांबल्या की आठवड्यात ताप परत. वजन सात किलोनं उतरलं. शेवटी शहरातल्या रुग्णालयात रक्ताचं कल्चर केलं, त्यात ‘स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलायटिकस’ नावाचा जंतू निघाला. टूडी इकोमध्ये हृदयाच्या एका झडपेवर त्याची वाढ दिसली. चार आठवडे शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिलं. ताप गेला, भूक परतली. डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ होती, ‘कोलोनोस्कोपी करून घ्यावी’, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीतून तपासून घ्यावं. त्याला आता सात आठवडे झाले.

बाबा म्हणतात, ताप नाही, पोट दुखत नाही, आता मला छळू नका. थोरला भाऊ म्हणतो, हृदयाचा आजार बरा झाल्यावर आतड्यात दुर्बीण कशाला? ही सगळी कट प्रॅक्टिस. आईला वाटतं, आतड्यातला जंतू रक्तात गेला म्हणजे आपल्याच स्वयंपाकात किंवा गोठ्यात काहीतरी घाण राहिली. म्हशी विकायच्या गोष्टी ती करते आहे. वहिनी रोज बाबांना ‘चांगल्या जंतूंच्या’ पुड्या देते. ताईंनी इंटरनेटवर त्या जंतूचं नाव शोधलं आणि ‘कॅन्सर’ हा शब्द वाचून त्या हादरल्या. घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्या विचारतात: बाबांना ‘पोट साफ करायचं आहे’ एवढंच सांगून तपासणीला नेऊ का? की बरे झालेत तर राहू देऊ?

ताई,

झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बाबांना फसवून नेऊ नका. आणि तपासणी टाळूही नका. दोन्ही एकत्र कसं जमेल ते पुढे सांगते, पण त्याआधी तुमच्या घरातल्या प्रत्येकानं काय गृहीत धरलं आहे ते जरा तपासून बघू. सगळी माणसं बाबांच्या काळजीनंच बोलताहेत, आणि प्रत्येकाचं काही ना काही चुकतं आहे. तुमचंसुद्धा.

मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. पेशंट मला क्वचित दिसायचे. माझ्याकडे यायच्या त्यांच्या बाटल्या. रक्ताच्या कल्चरची बाटली एकदा जवळून बघा. आत चहासारखं पिवळसर द्रव, त्यात आठ-दहा मिलिलिटर रक्त. तळाशी एक छोटा गोल असतो. बाटली यंत्रात ठेवली की शरीराइतक्याच उबेत ती हलत राहते. रक्तात जंतू असेल तर तो वाढतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि त्या गोलाचा करडा-हिरवट रंग पिवळा होतो. यंत्र ओरडतं. मग आम्ही एक थेंब काचपट्टीवर घेऊन रंगवतो आणि भिंगाखाली बघतो. तुमच्या बाबांच्या काचपट्टीवर जांभळ्या मण्यांच्या छोट्या छोट्या माळा दिसल्या असणार. तशा माळा अनेक जंतूंच्या असतात, म्हणून पुढे नेमकं नाव शोधावं लागतं. ते नाव रिपोर्टवर टाइप करताना माझा हात दर वेळी थांबायचा. मी वॉर्डात फोन करायचे आणि विचारायचे, ‘पेशंटचं मोठं आतडं कुणी बघितलंय का?’

रक्तात सापडणाऱ्या बहुतेक जंतूंबद्दल आम्हाला दोन गोष्टी सांगायच्या असतात, तो कोण आहे आणि कोणत्या औषधानं मरेल. हा जंतू तिसरीही गोष्ट सांगतो, की तो कुठून आला असेल. तुमच्या भावाला ही तिसरी गोष्ट कुणी समजावून सांगितलेली दिसत नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही ‘हृदय कुठे आणि आतडं कुठे’ असंच वाटलं असतं.

हा जंतू पूर्वी ‘स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस’ म्हणून ओळखला जायचा. बोव्हिस म्हणजे गाई-बैलांचा. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात तो राहतो. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून तेच नाव असतं, त्यामुळे कुणी बोव्हिस म्हणालं तर दुसराच आजार समजू नका. गॅलोलायटिकस हे नाव नंतर, 1995 साली, ऑस्ट्रेलियातल्या कोआला या प्राण्याच्या विष्ठेत सापडलेल्या जंतूंवरून आलं. कोआला निलगिरीचा तुरट पाला खातो, आणि हा जंतू त्या तुरटपणातल्या गॅलेट नावाच्या रसायनाचं विघटन करतो. हिरड्यातला किंवा कडक चहातला तुरटपणा त्याच कुळातला. 2003 च्या सुमारास या सगळ्या मंडळींची नव्यानं मांडणी झाली आणि माणसाच्या रक्तात सापडणारा हा प्रकारही त्याच नावाखाली आला.

मोठ्या आतड्याशी त्याचा संबंध मात्र या नावापेक्षा जुना आहे. हृदयाच्या झडपेला अशाच जंतूचा संसर्ग झालेल्या माणसाच्या आतड्यात कॅन्सर सापडल्याची नोंद 1951 सालची आहे. पुढे 1977 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी विष्ठेचे नमुने तपासले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर असलेल्या 63 जणांपैकी 35 जणांमध्ये हा जंतू मिळाला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या 105 जणांपैकी फक्त 11 जणांमध्ये. नंतरच्या मोजण्यांत विष्ठेतले आकडे वरखाली झाले. पण हा जंतू थेट रक्तात सापडलेल्या रुग्णांच्या आतड्यात दुर्बीण घातली, तर त्यातल्या बऱ्याच जणांमध्ये काहीतरी वाढ दिसते, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण 25 ते 80 टक्के इतकं पसरलेलं आहे. अगदी खालचा आकडा धरला तरी चौघांत एक.

आता तुमची चूक. तुम्ही ‘वाढ’ हा शब्द ‘कॅन्सर’ असा वाचलात. सापडणाऱ्या वाढींमध्ये पॉलिप पुष्कळ असतात. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेला मांसल कोंब, कधी वाटाण्याएवढा, कधी देठावरच्या अळंबीसारखा. त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, पण त्याला सहसा वर्षानुवर्षं लागतात, दहा वर्षंसुद्धा. आणि तो कोंब दुर्बिणीतूनच, त्याच बैठकीत, तारेच्या फाशानं कापून काढता येतो. पोट उघडावं लागत नाही. म्हणजे ज्या तपासणीची तुम्ही एवढी धास्ती घेतली आहे, ती बाबांना कॅन्सर होण्याआधी गाठण्याची संधी असू शकते. आणि कॅन्सर निघालाच, तर लक्षणं नसताना सापडलेल्या कॅन्सरवर उपचार जास्त सोपे असतात आणि यशाची शक्यताही जास्त असते. काहीच निघालं नाही तरी छान.

बाबा म्हणतात, पोट दुखत नाही. खरं आहे. पॉलिप दुखत नाही. सुरुवातीचा कॅन्सरही बहुधा दुखत नाही, विशेषतः उजव्या बाजूच्या रुंद आतड्यातला. तो महिनोन्‌महिने इतकं थोडं रक्त गाळतो की शौचात डोळ्यांना दिसत नाही. पत्राच्या कोपऱ्यात तुम्ही सहज लिहून गेलात की हिमोग्लोबिन 9.6 आहे आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत. माझी नजर तिथेच अडकली. झडपेच्या संसर्गानंही रक्त कमी होतं, त्यामुळे मी त्याचा लगेच अर्थ लावणार नाही. पण साठी ओलांडलेल्या पुरुषाला लोह कमी पडत असेल, तर ते आतड्यातून कुठे झिरपत तर नाही ना, हे बघायलाच हवं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा दुर्बीण सांगितली जाते.

जंतू आधी की वाढ आधी, यावर संशोधकांचा वाद अजून मिटलेला नाही. पण दोघांची गाठ कशी पडते त्याचा एक धागा हाती आला आहे. आपल्या आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. तो थर शाबूत असेपर्यंत आतले अब्जावधी जंतू आतच राहतात. पॉलिपवर ते अस्तर विस्कटलेलं असतं आणि खालचं कोलॅजेन, म्हणजे पेशींना आधार देणारं चिवट प्रथिन, उघडं पडतं. या जंतूच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कोलॅजेनला घट्ट चिकटतात. त्या फटीतून तो रक्तात उतरतो. पुढे हृदयाच्या एखाद्या झिजलेल्या झडपेवर पुन्हा कोलॅजेन उघडं मिळालं की तिथे घर करतो. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी उंदरांवर असंही दाखवलं की आतड्यात गाठ असेल तर पित्ताच्या आम्लांच्या साथीनं हा जंतू शेजारच्या जंतूंना मारतो आणि स्वतः फोफावतो. तुमच्या भावाला हृदय आणि आतड्यातला दुवा हवा होता. तो हा.

भावाच्या संशयाची मी टिंगल करणार नाही. नको त्या तपासण्या लिहिल्या जातात, कमिशन चालतं, हे आपण सगळे जाणतो, आणि घरातल्या कुणी तरी प्रश्न विचारायलाच हवा. पण संशय दूर करायचा सोपा मार्ग आहे. डिस्चार्जचा कागद आणि कल्चरचा रिपोर्ट घेऊन वेगळ्या शहरातल्या, वेगळ्या रुग्णालयातल्या पोटविकारतज्ज्ञाला दाखवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा, जिथे कुणाला कुणाचं कमिशन मिळण्याचा प्रश्न नाही. भावालाच सोबत पाठवा. हृदयरोगतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेच्या मार्गदर्शनातही या जंतूमुळे झडपेला संसर्ग झाला असेल तर मोठ्या आतड्यात लपलेला कॅन्सर नाही ना, हे बघावं, असं म्हटलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी स्वतःच्या मनचं काही लिहिलेलं नाही. त्यांचं चुकलं असेल तर इतकंच, की एवढी महत्त्वाची ओळ कागदाच्या तळाशी टाकली आणि तोंडानं समजावली नाही.

भावाला रिपोर्टवरचं पूर्ण नावही बघायला सांगा. या जंतूचे उपप्रकार आहेत. नावापुढे पुन्हा ‘गॅलोलायटिकस’ असेल तर मोठ्या आतड्याशी नातं सर्वात घट्ट. ‘पाश्च्युरियानस’ असेल तर पित्ताशय आणि यकृताकडेही नीट बघावं लागतं. प्रयोगशाळेनं उपप्रकार दिला नसेल तर त्यावर अडून बसू नका, तपासणी तरीही करायचीच.

आता बाबांना कसं सांगायचं. ‘पोट साफ करायला’ म्हणून नेलंत असं धरा. आदल्या संध्याकाळी दोन-तीन लिटर जुलाबाचं औषध प्यायला लागल्यावर त्यांना संशय येणारच. तिथे संमतीच्या कागदावर सही करायची वेळ येईल, आणि आयुष्यभर स्वतःचा व्यवहार स्वतः बघितलेला माणूस तो कागद वाचेल. आणि खरंच काही निघालं, तर पुढच्या प्रत्येक पायरीवर तुम्हाला त्यांचा विश्वास लागेल. तो पहिल्याच पायरीला घालवू नका. ‘सांगितलं तर खचतील’ असं आपण मुलं फार सहज ठरवतो. चार आठवडे रोज सुई टोचून घेतलेला माणूस आहे हा.

मी असते तर पुण्याहून फोनवर बोलले नसते. शनिवारी गावी जा. संध्याकाळची धार उरकली की ओट्यावर त्यांच्याजवळ बसा, भावालाही बसवा, आणि सरळ सांगा, ‘बाबा, रक्तात जो जंतू सापडला तो आतड्यातला आहे. औषधानं तो मेला. पण तो आत शिरला ते भोक कुठे आहे, हे अजून कुणी बघितलेलं नाही. ते उघडं राहिलं तर पुन्हा शिरेल. काही वेळा तिथे मांसाचा कोंब असतो, तो दुर्बिणीतनंच काढून टाकतात.’ त्यांनी कॅन्सरचं विचारलं तर नाही म्हणू नका. ‘असू शकतो, बहुतेक वेळा त्याच्या आधीचीच अवस्था सापडते, म्हणून आत्ताच बघायचंय’, असं म्हणा. मग गप्प राहा. त्यांना बोलू द्या. पुष्कळ पुरुषांना कॅन्सरपेक्षा त्या तपासणीचीच जास्त लाज वाटते, पण ते बोलून दाखवत नाहीत. तसं वाटलं तर सांगा की बहुतेक ठिकाणी झोपेचं इंजेक्शन देतात, अंगावर चादर असते, साधारण अर्ध्या तासात आटोपतं, आणि पुष्कळांना त्यातलं काही आठवतसुद्धा नाही. एवढ्यावरही नाही म्हणाले तर त्या दिवशी वाद घालू नका. आठ दिवसांनी, त्यांचा ज्या डॉक्टरवर विश्वास आहे, त्याच्या तोंडून पुन्हा ऐकू द्या. शेवटी शरीर त्यांचं आहे. पण कशाला नकार देतोय हे कळून दिलेला नकार वेगळा.

जाण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. उपचार संपल्यावर इको पुन्हा झाला का, झडप किती गळते, भूल देणं सुरक्षित आहे का, हे त्यांनी लिहून द्यावं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना आपसात ठरवू द्या. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच. लोहाच्या गोळ्या सहसा काही दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण त्यानं मळ काळा आणि चिकट होतो आणि आतलं नीट दिसत नाही.

तपासणीची खरी परीक्षा आदल्या दिवशी असते. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाजी, पेरू, टोमॅटो, तीळ, शेंगदाणे, भाकरी बंद. मऊ भात, वरण, ताक चालतं. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: शहाळं, गाळलेलं लिंबू सरबत, डाळीचं वरचं निवळ पाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत आवडत असलं तरी त्या दिवशी नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा भासतो. पावडर मिसळलेलं औषध खारट-गुळमिट लागतं. गार करून दिलं तर जातं. एकदम न पिता दर पंधरा मिनिटांनी एक पेला. शौचाला पाणी फिकट पिवळं आणि आरपार दिसेपर्यंत थांबायचं नाही. पोट नीट साफ नसेल तर छोटा पॉलिप मळाखाली लपतो आणि सगळा खटाटोप वाया जातो, म्हणून मी एवढं बारीक लिहिते आहे. अशक्त माणसाला त्या रात्री चक्कर येऊ शकते. कुणीतरी जवळ झोपा, संडासपर्यंतचा दिवा चालू ठेवा.

धोका किती, असं भाऊ विचारेल. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी. पॉलिप काढताना थोडा जास्त, आणि नंतर काही दिवस रक्त जाऊ शकतं. शौचातलं रक्त शोधणारी साधी तपासणी बाबांसाठी पुरेशी नाही, कारण ती चांगली आली तरी इथे प्रश्न सुटत नाही. हृदय खूपच नाजूक असेल तर आतड्याचा खास सीटी स्कॅन हा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात, मात्र त्यात काही दिसलं तर काढायला शेवटी दुर्बीण लागतेच. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

काही सापडलं नाही तर? मग पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी करून पित्ताशय-यकृत बघून घ्यायचं. आणि पुन्हा दुर्बीण कधी, हे लेखी मागून घ्या. पहिल्या तपासणीत स्वच्छ दिसलेल्या काही रुग्णांच्या आतड्यात पुढच्या काही वर्षांत वाढ सापडल्याच्या नोंदी आहेत. मोठा पॉलिप किंवा कॅन्सर निघाला, तर तुम्हा भावंडांनाही साधारण चाळिशीपासून तपासणी लागते. तुमचा भाऊ 41 चा आहे ना? आणि तुमचे मोठे काका ‘पोटाच्या आजारानं’ गेले असं तुम्ही लिहिलंय. तो आजार नेमका कोणता होता, हे काकूंना एकदा विचारा. जुने कागद घरात असतील तर ते बाबांच्या डॉक्टरांना दाखवा.

वहिनींच्या पुड्यांबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे आणि आपल्याकडे या पुड्या नि कुप्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, त्यामुळे त्या निरुपद्रवी वाटतात. निरोगी माणसाला बहुधा असतातही. पण त्यात जिवंत जंतू किंवा यीस्ट असतं. लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस क्लॉसाय, सॅकरोमायसिस बोलार्डी, तिन्ही दुर्बळ रुग्णांच्या रक्तात सापडल्याच्या नोंदी आहेत, आणि लॅक्टोबॅसिलस तर झडपेवरही. मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाला बोलार्डी देऊ नये, अशी स्पष्ट सूचना युरोपात आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2023 साली कमी दिवसांच्या बाळांना असे जंतू देण्याविरुद्ध इशारा दिला, तो एका बाळाच्या मृत्यूनंतर. बाबांची झडप नुकतीच जंतूनं कुरतडली आहे. हृदयाच्या डॉक्टरांना विचारेपर्यंत पुड्या बंद करा. घरचं दही-ताक चालू ठेवा.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं लिहायला हवं. आठवड्याहून जास्त ताप टिकला आणि कारण कळत नसेल, तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर करा. तुमच्या बाबांचे तीन कोर्स झाले, दर वेळी जंतू अर्धमेला झाला आणि झडपेवर दडून बसला. नुसत्या विडाल चाचणीवर टायफॉइड ठरवणं फार डळमळीत आहे. ती चाचणी दुसऱ्या तापातही हो म्हणते. आणि आतड्यातले दुसरे काही जंतूही असेच रक्तात सापडले की डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारावा. क्लोस्ट्रिडियम सेप्टिकम सापडला तर तिथेही मोठं आतडं आणि रक्ताचे कॅन्सर बघावे लागतात. स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाच्या रक्तात आतड्यातले जंतू पुन्हा पुन्हा आले, तर अनवाणी चालताना मातीतून पायात शिरणारा स्ट्रॉन्गिलॉइड्स नावाचा बारीक कृमी शोधावा. तो आतड्याची भिंत पोखरताना जंतूंना सोबत नेतो. आणि क्लेबसिएलाचा एक दांडगा प्रकार आहे, 1980 च्या दशकात तैवानात प्रथम ठळकपणे दिसला, आता आशियाभर आहे. तो मधुमेह्यांच्या यकृतात गळू करतो आणि कधी थेट डोळ्यात उतरतो. प्रयोगशाळेत त्याची वसाहत सुईनं उचलली की पाकाला यावी तशी तार येते. ती पाच मिलिमीटरहून लांब गेली की आम्ही सावध होतो. मधुमेह, थंडी-ताप आणि अचानक अंधुक दिसणं हे एकत्र आलं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

बाबांच्या बाबतीत पुढचे काही महिने लक्ष ठेवा. पुन्हा ताप आला तर गावातल्या गोळीनं दाबू नका. आधी कल्चर, मग औषध. कंबर किंवा पाठ सतत दुखायला लागली तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडू नका, हा जंतू मणक्यातही बसतो. हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, धाप लागणं, यात एक तासही घालवायचा नाही. दात काढायचा असेल किंवा हिरडीचं काम असेल तर दंतवैद्याला आधी सांगायचं की झडपेला संसर्ग झाला होता. बाबांना अशा कामाआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. हे एका चिठ्ठीवर लिहून बाबांच्या पाकिटात ठेवा, आधार कार्डामागे.

राहिल्या आई आणि म्हशी. हा जंतू निरोगी माणसांच्या आतड्यातही असतो, शंभरात साधारण पाच-दहा जणांच्या. तो तिथे असणं हा आजार नाही आणि कुणाच्या स्वयंपाकाचा दोषही नाही. स्पेनच्या वायव्येला लुगो नावाचा गुराढोरांचा मुलूख आहे. तिथल्या डॉक्टरांना या संसर्गाचे रुग्ण खेड्यातले, जनावरांजवळ राहणारे जास्त दिसले. त्यामुळे आईंच्या शंकेत अगदीच तथ्य नाही असं म्हणता येत नाही. पण गोठ्यात जंतू असला तरी आतड्याचं अस्तर फाटायला म्हैस कारण नाही. धार काढल्यावर साबणानं हात धुवा, दूध उकळून घ्या, एवढं पुरे. आईंना हे तुमच्या भाषेत सांगा, आणि लवकर सांगा. त्या स्वतःला बोल लावत बसल्या असतील.

म्हशी विकू नका. फक्त तपासणीच्या दिवशी दोन्ही वेळच्या धारेला शेजारचं कुणीतरी आधीच सांगून ठेवा. भुलीचा अंमल उतरला तरी त्या दिवशी बाबांनी गाडी चालवायची नाही आणि गोठ्यातही उतरायचं नाही. तेवढं त्यांना ऐकवणं दुर्बिणीपेक्षा कठीण जाईल, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.